पुढे आलेले दात

आमच्या दादाचा पहिला पुतळा कुणी घेतला नाही, पुढचेही कुणी घेतले नाहीत. तरीही तो आंतरराष्ट्रीय शिल्पकार आहे. नागरिक मंडळाच्या फलकावर तसं रंगवलेलं होतं, म्हणजे खरंच असणार.

त्या पहिल्या पुतळ्यापासूनच सांगते. आमच्या रस्त्याच्या टोकाला लोखंडी सामानाचं मोठं दुकान आहे. मंडळाचे आत्ताचे अध्यक्ष त्याचे मालक. त्यांचे वडील वारले तेव्हा अर्धपुतळ्याचं काम दादाला मिळालं. दादा नुकताच कलाशिक्षण संपवून घरी बसला होता. म्हाताऱ्यांचे वरचे दात पुढे आलेले होते, ओठ काही केल्या मिटायचे नाहीत, त्यामुळे ते चिडले तरी हसल्यासारखे दिसायचे. दादाने मागच्या शेडमध्ये ते मातीत तसेच्या तसे घडवले आणि प्लास्टरमध्ये ओतले. आई चहा घेऊन शेडच्या दारात आली आणि तिथेच थबकली, इतके ते हुबेहूब होते. अध्यक्षांनी चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "सगळं छान आहे. फक्त दात जरा आत घ्या."

"ते जिवंतपणी कधी आत गेले नाहीत," दादा म्हणाला.

झालं. पुतळा शेडमध्येच राहिला. दुकानावर दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेला, मिटल्या ओठांचा एक गृहस्थ बसवला गेला. तो कोण आहे हे कधी कुणाला कळलं नाही, पण हार मात्र त्यालाच पडायचे.

दादा त्या रागात परदेशी गेला. पिकतं तिथे विकत नाही, मग दुसरीकडे नेऊन विकावं, असा साधा हिशेब. तिथे त्याने जिन्यात भेटणाऱ्या म्हातारीचं डोकं केलं, कोपऱ्यावरच्या पाववाल्याचं केलं. कलादालनाच्या बाई म्हणाल्या, हात चांगला आहे, पण यात तुमचा देश दिसत नाही. दादाने सांगितलं, पाववाला तुमच्या देशाचा आहे. बाईंना पाववाला नको होता. त्यांना दादाकडून घागरी, अनवाणी पाय आणि मायभूमीचा विरह हवा होता. विरह दादाला होता, पण त्याचा पुतळा करावा एवढा नव्हता.

पोटाचं काहीतरी बघायला हवं होतं. त्याच्या खोलीच्या खालीच दातांच्या कवळ्या करणारं दुकान होतं. मेण, प्लास्टर, कोरण्या, सगळा ओळखीचाच पसारा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दादाचं भरलं, चांगलं भरलं. तक्रार एकच, ती तो मला फोनवर सांगायचा. "सगळ्यांना एकच तोंड हवंय गं. पांढरं, सरळ, रांगेत उभं केलेलं. माणूस कोण आहे, हे कुणी विचारतच नाही."

हे फक्त मला माहीत. आईला तो एवढंच सांगायचा की कामाला मागणी आहे. बाकीचं आईने मनाने घडवलं. तिने त्याचे पुतळे तिकडच्या चौकाचौकांत उभे केले, एक तर कारंज्याच्या मधोमध, आणि शेजारणींना सांगता सांगता त्यांची उंची वाढवत नेली. आमच्या घरात खरी कलावंत तीच.

मग मंडळाने दादाचा सत्कार ठरवला. दादा नको नको म्हणत होता, पण आई म्हणाली "ये" आणि तो आला. भर सभेत कुणी विचारलं, तुमचं एखादं काम दाखवा, तर हा काय दाखवणार? खोटं त्याला बोलता येत नाही, आणि खरं बोलला तर आईचं कारंजं चारचौघांत आईच्याच डोक्यावर कोसळणार.

दादा घरी येऊन बघतो तर आई वेगळीच. तिचे सगळे दात गेले होते. पूर्वी तिचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढून बसलेला होता, आणि ती हसली की आधी तो हसायचा. आता नवी कवळी सैल म्हणून डब्यात, आणि बोलताना तोंडावर हात. "मी मागे बसेन," ती म्हणाली. "फोटोत नको मला घेऊ." दादा जेवताना तिच्याकडे बघत राहिला. ताट बाजूला सारून म्हणाला, "आई, तोंड उघड."

पुढे आमचं स्वयंपाकघर आमचं राहिलं नाही. ओट्यावर प्लास्टर, पातेल्यात मेण, चमचे सगळे बाद. माप घेताना आई मुकाट्याने त्याच्या बोटांकडे बघत होती. तोंड मोकळं झाल्यावर म्हणाली, "हात बसलेला दिसतोय. तिकडे हेच करतोस?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि कारंज्यातला?"

"कारंजं तुझं आहे, आई."

ती उठून तुळतुळीत घासलेली कढई पुन्हा घासायला बसली. त्या दिवशी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि दादाचा चेहरा बघून मला आईचा भयंकर राग आला.

कवळी तयार झाल्यावर मात्र तिने ती घातली आणि आरशासमोर गेली.

"हा वाकडाच ठेवलास."

"तो तसाच होता."

ती हसली. तो चढेल दात आधी हसला आणि मग ती. मला रडू आलं. दादाने मेणाचं पातेलं उगाचच खरवडायला घेतलं.

सत्काराला आई पहिल्या रांगेत होती. अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. त्यांची स्वतःची कवळी सैल होती, त्यामुळे प्रत्येक वाक्याचा शेवट खटखट वाजायचा. दादाला सन्मानचिन्ह म्हणून फायबरचा एक हात दिला. त्या हातात छिन्नी उलटी धरलेली होती. मग अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "आता स्वतःच्या तोंडून सांगा. आपली सर्वोत्तम कलाकृती कुठल्या देशात आहे?"

दादा माइकपुढे उभा राहिला. "मी तिकडे..." म्हणाला आणि अडकला. सभा वाट बघत होती. मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा आई व्यासपीठावर होती. तिने तोंडातली कवळी काढली, रुमालाने पुसली आणि सन्मानचिन्हाशेजारी ठेवली. "ही बघा," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "तिकडे हेच करतो तो. चौकातलं सगळं मी रचलं होतं." पुन्हा कवळी बसवली आणि सभेकडे बघून हसली. मागून आमची जुनी शेजारीण म्हणाली, "अगं बाई, आधीचीच आली की गं परत." कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. अध्यक्षांनी टाळी वाजवली नाही. ते आईच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले, तेही मागच्या दाराने.

"माझंही बघता का?" शेडमधल्या स्टुलावर बसत ते म्हणाले. "एकदम सरळ करा. पांढरे, तिकडच्यासारखे."

"तुमचे आधी कसे होते?"

कवळी बसवण्याआधी अध्यक्ष कसे दिसायचे हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ते यायला वेळ लागला. "वडिलांसारखे," ते म्हणाले.

दादाने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. खाली म्हातारे होते. खांद्यावर मांजराने झोपून झोपून केलेला डाग, आणि ओठ तसेच उघडे. दादाने फडक्याने त्यांचे दात पुसले आणि त्यांच्यावर मापाची पट्टी धरली.

अध्यक्ष बघत राहिले. "रागावलेत का हसतायत?"

"ते घरी कुणाला कळायचं का?"

"नाही कळायचं," अध्यक्ष म्हणाले आणि डोळे पुसले. "मलाही नाही कळायचं." मग म्हणाले, "दुकानावरचा तो उतरवतो. यांना नेऊ?"

दादा मापाचं मिश्रण ढवळत होता. हात थांबवून म्हणाला, "दात आत घेणार नाही."

"नका घेऊ," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.