मेहुण्याच्या हातातला दोर

अंतराळात यंत्र दुरुस्त करणाऱ्यांना आधी पाण्यात सराव देतात, ही बातमी आमच्या साहेबांनी कुठंतरी वाचली आणि माझे हाल सुरू झाले. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी लोणावळ्याजवळच्या एका धरणावर फिटर होतो. पाण्याखालच्या दरवाजाचे बोल्ट बदलायचे होते. साहेबांनी सरावासाठी तलावात लोखंडी चौकट सोडली आणि तोंडाला हवेची नळी, कमरेला शिसं बांधून मला तिच्यापाशी उतरवलं. शिसं असं तोलून बांधलेलं की मी ना बुडत होतो, ना तरंगत.

पहिल्या दिवशी पान्यावर जोर दिला, तर नट जागचा हलला नाही, मीच गिरकी घेतली. एवढा मुरलेला फिटर मी, माझी मलाच चीड आली.

माझ्या कमरेचा दोर वर मेहुणा धरायचा. तो बेडशाच्या डोंगरावरच्या वाडीतला, कड्यावरचा मध काढणारा. आमच्यात कडा उतरणाऱ्याचा दोर बायकोचा भाऊच धरतो. बहिणीचं कुंकू त्याच्या हातात असतं. म्हणून बायकोनं हट्टानं त्याला माझ्यासोबत धाडलं होतं. मीही वाडीतलाच, पण कपड्यांना ग्रीस लागल्यापासून मला तो अडाणी वाटायचा.

नियम साधा होता. त्यानं एक हिसका दिला की मी एक हिसका द्यायचा. उत्तर आलं नाही तर त्यानं मला वर खेचायचं.

तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. त्याच दोराचे दोन वेढे चौकटीला मारून स्वतःला आवळून घेतलं. नट फिरला. मी खूश झालो, पण वरचा हिसका आता चौकटीलाच लागत होता, मला कळतच नव्हता. एकाएकी दोर ताणला गेला. मी चौकटीवर दाबला गेलो, हवेची नळी अंगाखाली चेमटली. श्वास येईना. आणखी एकदा ओढलं तर आपण संपलो, एवढंच डोक्यात होतं.

तोच दोर सैल पडला, आणि पडतच राहिला. वेढे सोडवून मी वर आलो.

वर साहेब मेहुण्यावर कडाडत होते. "मी खेच म्हणतोय आणि तू ढील देतोस?"

"सायेब, दोर अडाकला व्हता. अडाकल्याला दोर आमी वढत न्हाई, सोडतो." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, कशात अडाकला वं?"

साहेबही माझ्याकडं बघू लागले. खरं सांगितलं असतं तर पाण्यातलं काम माझ्या हातून गेलं असतं.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

हुकूम मोडला म्हणून साहेबांनी त्याला तिथूनच घरी पाठवलं. जाण्याआधी त्यानं दोर गोळा केला. चौकटीच्या गंजाचे दोन तांबडे पट्टे दोरावर उमटले होते. त्यांवरून त्यानं अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि दोर माझ्या हातात दिला.