घुगेबाईंचे प्रकटवाचन

वर्गात चोरून आणलेला मोबाइल सापडला, की आम्ही शिक्षक तो जप्त करत असू. मराठी शिकवणाऱ्या घुगेबाई मात्र तो पोराच्या हातात परत देत आणि म्हणत, "काय लिहीत होतास? उभं राहून वाच, मोठ्यानं." औरंगपुऱ्याजवळच्या आमच्या आधुनिक शाळेत ही पद्धत फारच मागासलेली समजली जाई.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि शहर मात्र जोमात वाढत होते. नव्या वसाहतींत इमारती पोचल्या, नळ वाटेत राहिले. बिडकीनहून अशाच एका वसाहतीत राहायला आलेली नववीतली प्रणाली, टँकर आला नाही की मळक्या गणवेशात येई. अथर्व नावाच्या हुशार मुलाने तिचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, 'वास फोटोतूनही येतोय'. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. त्या वर्षी म्हणण्यासारखा पाऊस तेवढाच. प्रणाली शाळेत यायची बंद झाली.

मुख्याध्यापकांनी तातडीने 'ऑनलाइन सौजन्य सप्ताह' जाहीर केला. फ्लेक्स लागला. सौजन्यावर बोलायला वक्तृत्वात पहिला येणारा अथर्वच निवडला गेला. भाषण उत्तम झाले, टाळ्याही भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवशी घुगेबाई प्रणालीच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या.

"मी प्रणाली. फोटोखाली काय लिहिलंस ते वाच, अथर्व. माझ्याकडं बघून."

सभा गाजवणाऱ्या त्या मुलाच्या तोंडून एक शब्द फुटेना. मग बाई बाकीच्यांकडे वळल्या. "तुम्ही लई हसलात म्हणं. आता हसा की."

त्याच संध्याकाळी बाई प्रणालीच्या घरी गेल्या आणि सकाळी तिला घेऊनच आल्या. वर्ग चिडीचूप. आम्हाला वाटले, सुधारली सगळी पोरं.

"गप बसलं म्हंजे चांगलं वागलं, असं नसतंय," बाई म्हणाल्या. "बोला तिच्याशी."

अथर्व उठला आणि सवयीने माफीचेही भाषण करू लागला. प्रणालीने त्याचे बोलणे मध्येच तोडले. "भाषण नको. ग्रुपवरचा तो फोटो काढून टाक आधी."

त्याने तो सगळ्यांसमोर काढून टाकला. प्रणाली दहावी आमच्याच शाळेतून झाली.

पुढे काही वर्षांनी बाई वारल्या, तेव्हा शिक्षकांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. माझेही बोट तिकडेच चालले होते. मग फोन खिशात टाकला आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीसमोर बसून "बाई आमच्या फार चांगल्या होत्या" एवढेच म्हणायला मला बराच वेळ लागला.