तीन तास म्हणजे जळगाव

चिकलठाण्याच्या विमानतळावर माय दारापाशीच थांबली, आत फक्त जाणाऱ्यांनाच सोडत होते. मी नोकरीसाठी फ्रँकफर्टला निघाले होते आणि पहिल्यांदाच विमानात बसायचं म्हणून मायचा हात सोडत नव्हते. माझ्या पाठीवरून हात फिरवत माय म्हणाली, "भ्याया काय झालं? यष्टीत बसल्यावानी बस."

यष्टीत तरी मी कुठं धड बसायचे! फुलंब्रीहून जळगावला मावशीकडं जाताना अजिंठ्याचा घाट आला की मी समोरच्या सीटची दांडी सोडायचे नाही. धाकटी रेखा खुशाल खिडकीतून डोकं काढायची. मला मात्र माय जवळ ओढायची, "खाली नको बघू, माझ्याकडं बघ."

पुढं रेखाही नोकरीसाठी लिस्बनला आली. दोघी एकमेकींपासून किती लांब, मायनं फोनवर विचारलं. विमानानं तीन तास, मी सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. तीन तास म्हणजे जळगावच की, असं तिनं साऱ्या गल्लीला सांगितलं. अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास आहे, फुलंब्रीहून दिल्लीसुद्धा त्याहून जवळ, हे तिला सांगून काय उपयोग? आणि मी तर ते तीन तासही कधी काढले नव्हते. पहिल्याच प्रवासात विमानाची अशी धास्ती घेतली, की रेल्वे जाईल तिथवरच माझं जग. रेखा बोलवायची, मी कामाचं निमित्त पुढं करायचे.

एका रविवारी रेखाचा फोन आला. पोटात गाठ निघाली होती, मंगळवारी ऑपरेशन. एवढंच तिनं दोनदा सांगितलं. घाटात कधी न भ्यालेली माझी बहीण भ्याली होती. मायला कळवलं तर म्हणाली, "मंग बसली कशाला? तीन तासाचा तर रस्ता. जाय माय."

गेले. विमान सुटलं तसे डोळे मिटले आणि मनातल्या मनात जळगावची यष्टी धरली. आळंद गेलं, सिल्लोड गेलं, गोळेगाव गेलं. तेवढ्यात विमान गदागदा हलायला लागलं. शेजारच्या बाईंची कॉफी सांडली. घाट आहे, उतरला की फर्दापूर, असं मी स्वतःला बजावत होते. पण माझ्याकडं बघ म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं. पहूर येईपर्यंत मी नुसती रडत होते.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी रेखाचं स्ट्रेचर आणलं. ती छताकडं टक लावून होती, ओठ पांढरे पडलेले. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, लई भ्या वाटतंय."

मी तिच्या तोंडावर वाकले.

"वर नको बघू," मी म्हणाले. "माझ्याकडं बघ."

दार लागेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली.

रेखा आता बरी आहे. माझी भीती काही गेली नाही. तरी दर दिवाळीला रेखाकडं जायला ते तीन तास काढते. शेजारच्या सीटवरचं कुणी विचारतं, फिरायला चाललात का? नाही, घरी चाललेय, मी सांगते, आणि खाली बघत नाही.