शनिवारचं घर

फेलोशिप मिळालेली मुलगी गावात काम करत असते आणि विद्यापीठातून पैसे यायला महिनोन्महिने उशीर होतो, तेव्हा ती काय खाते, हे तुम्ही कधी विचारलंय?

नव्वदच्या दशकात मी बारामतीत कॉलेजला होते. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडिलांनी मला अक्षरं त्यांवरच शिकवली. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जायचा. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला खराब होणाऱ्या शेतजमिनींवर काम करायला विद्यापीठाची वर्षभराची फेलोशिप मिळाली आणि ती इंदापूर तालुक्यात, वरकुट्याला राहायला गेली. कालव्याचा पाझर आणि उसाला सोडलेलं मोकाट पाणी यांनी तिथल्या जमिनी चोपण होत होत्या, वर मिठाचा पांढरा थर यायचा. उपाय एकच होता. सगळ्यांनी मिळून ओढ्यापासून वरपर्यंत सलग चर खणायचा, म्हणजे खारं पाणी निघून जाईल. चराचं वरचं टोक एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात होतं, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांचं घर पूर्वी मेंढरं राखणारं. कळप विकून घेतलेलं ते रान गेलं असतं तर त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मैत्रीण त्यांच्याच पडवीत राहायची.

दिवाळीनंतर पैसे थांबले. घरून तिला निरोप आला, परत ये. चर तेव्हा ओढ्यापासून जेमतेम सरकला होता. रविवारी मी एसटीने गेले, विद्यापीठाविरुद्ध लिहिलेलं पत्रक पारावर वाचून दाखवलं.

"लई झणझणीत हाय," तात्या म्हणाले. "पर हिच्या जेवणाचं काय? आमच्या वक्ताला तालुक्याला शिकणारी पोरं वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. हिचं तसंच करू."

मी भडकले. हक्काचे पैसे असताना हिने दारोदार जेवायचं?

"तू पत्रक पाठव," मैत्रीण म्हणाली. "तोवर मी जेवते."

तिने अट मात्र घातली. चराच्या वाटेवरच्या प्रत्येक घराने एक वार घ्यायचा, जात बघून एकही घर वगळायचं नाही. आणि ज्याचा वार, त्या दिवशी त्याच्या रानात सगळ्यांनी खणायचं.

सहा वार ठरले. शनिवार रिकामा राहिला. तो तात्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला असलेल्या बागायतदाराचा. त्याची जमीन चांगली होती, वांगी बाजारात जात होती. चरासाठी चार सऱ्या तो सोडेना. त्याच्या रानातून वाट मिळाली नसती तर तात्यांचं पाणी निघणारच नव्हतं. शनिवारी मैत्रीण दुसऱ्या कोणाकडे जेवायची नाही.

अशाच एका शनिवारी आम्ही दोघी त्याच्या बांधाबाहेर उभ्या राहून चराची रेघ कुठून जाईल ते बघत होतो.

"काय ओ बाई," तो आतून म्हणाला, "शनवारी उपास असतो न्हवं तुमचा?"

"घर नाही म्हणून उपास," मैत्रीण म्हणाली.

त्याची आई वांगी तोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उपास हाय तर खिचडी लागंलच की. जा रं, तुझ्या बायकोला शाबू हाय का इचार."

"आई, तू मधी पडू नगं."

"मी कुठं मधी? मी वांग्यात हाय. अन् पोर माझ्या दारातनं उपाशी गेली, तर तुला बी आज उपास."

खिचडी झाली. आम्ही खात असताना तो बांधावर जाऊन सऱ्या मोजून आला. मग म्हणाला, "चर बांधाच्या कडंनं नेता येईल का? म्हंजी दोनच सऱ्या जातील."

"नेऊ की," मैत्रीण म्हणाली.

दुपारी तात्या फावडं घेऊन आले, तर तो आधीच खणत होता. "माझा वार हाय," तो म्हणाला. "तुमचा उद्या, तात्या."

"उद्या माझ्या रानात येशील ना, मग आज मी हितंच," म्हणत तात्यांनी त्याच्या शेजारी फावडं मारलं.

पुढच्या रब्बीला तात्यांच्या रानात ज्वारी उभी राहिली. मधेमधे टकलं पडली होती, पण कणसं धरली. पैसेही आले, पत्रकाला घाबरून की आपोआप, ते कळलं नाही.

फेलोशिप वेळेवर मिळणं हा हक्कच आहे. गावाच्या जेवणामुळे विद्यापीठ त्यातून सुटत नाही. जाब विचारणारी पत्रकं मी लिहीतच राहीन. तुम्ही एवढंच करा: असा विद्यार्थी तुमच्या गावात आला, की पहिल्याच आठवड्यात त्याचा एक वार तुमच्या घरी लावा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर कामाला उतरा.