मागून येणारी पावलं

तिला सगळे टपालताई म्हणत. बत्तीस वर्षांची, काटक अंगाची, रोज खांद्याला पिशवी लावून दोनशे दारं पालथी घालणारी. तिचा खेळ होता चालण्याची शर्यत. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या मारायच्या, पण धावायचं नाही. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं, पुढचा गुडघा ताठ हवा. तीन पंचांनी लाल कार्ड दिलं की बाद. दूध उतू गेलं तरी ही स्वयंपाकघरात चालतच जाते, असं नवरा चेष्टेने सांगायचा.

सलग दोन वर्षं अंतिम शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि दोन्ही वेळा शेवटच्या फेऱ्यांत बाद झाली. मागून कुणाची पावलं वाजली की ती घाबरायची, मान वळायची आणि पाय नकळत धावू लागायचे. दुसऱ्या खेपेला घरी येऊन तिने बूट माळ्यावर टाकले.

दोन दिवसांनी आत्या आली. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली. तिने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग स्टूल ओढून स्वतःच बूट खाली काढले.

"पाय चांगले आहेत तुझे," ती म्हणाली. "पण तू हलक्या कानाची आहेस. मागची पावलं सांगतील ते खरं मानतेस."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मैदानावर आत्या सायकलवरून तिच्या हातभर मागे असायची. घंटी वाजवायची, खोकायची, मुद्दाम टायर घासायची. मान वळली की फेरी पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांनी टपालताई वैतागून मैदानातच बसली. भीती काही जात नाही, म्हणाली.

"तिला जा कोण म्हणतंय?" आत्या म्हणाली. "वाटू दे भीती. तिच्या सांगण्यावरून पाऊल उचलू नकोस, एवढंच."

मग तिने आपलं आपणच एक शोधलं. टाच टेकली की मनात 'टाच', पाय ताठ झाला की 'गुडघा'. पत्रं वाटतानाही तेच चालायचं. कधी ते तोंडातून बाहेर पडे. एका आजोबांनी तर तिला गुडघेदुखीचं तेल आणून दिलं.

तिसऱ्या वर्षी दहाव्या फेरीला एक कार्ड आलं, सोळाव्या फेरीला दुसरं. पंचांच्या फळ्यावर तिच्या क्रमांकापुढे दोन लाल खुणा. तिने जाणूनबुजून चाल कमी केली. दोघी पुढे गेल्या, तिने त्यांना जाऊ दिलं. टाच, गुडघा. चोविसाव्या फेरीपर्यंत तिने दोघींनाही गाठून मागे टाकलं. मग मागे पावलं वाजली. भीती आलीच. मान वळली नाही. त्यांतली निळ्या जर्सीवाली बरोबरीला आली, शेवटच्या वीस पावलांत पुढे सरकली, आणि टपालताई एका पावलाने दुसरी आली.

ती गवतावर आडवी झाली. आत्या पाण्याची बाटली घेऊन आली तेव्हा ती हसत होती.

"आज बाद कुणी केलं नाही मला," ती म्हणाली. "हरले ती चालून हरले. आता वेगाचं बघू."

वर्षभर दोघींनी फक्त वेगावर काम केलं. पुढची शर्यत तिने जिंकली. दोघी मैदानाच्या पायऱ्यांवर बसून पोटभर जेवल्या, आणि सोमवारी टपालताई नेहमीच्या वेळी कामावर हजर झाली.