आठव्या सुराची जागा

विजेवर गाणारी पेटी जगात पहिल्यांदा कोणी बनवली, यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. माझ्यापुरता तो निकाल लागलेला आहे. ती डोणगावात, बाजाराच्या रस्त्यावर, रेडिओ दुरुस्तीच्या एका खोलीएवढ्या दुकानात माझ्या मावसाजींनी बनवली. महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो होतो आणि दोन्ही वेळा मावशीकडे जेवायला असायचो, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो.

मावसाजींचा भरवसा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त. रेडिओ दुरुस्तीला आला की ते आधी त्याला बोटाच्या पेरानं टिचक्या मारायचे आणि डॉक्टरसारखे कान लावून बसायचे. रस्त्यावरून बैलगाडी गेली की मान वर न करता, आसाच्या करकरीवरून ती कोणाची ते सांगायचे. एकदा मावशीच्या हातून पितळी ताट पडलं, तर हे जेवता जेवता ओरडले, "थांब, थांब, पुन्हा पाड! काळी चारचा सूर व्हता थो!" मावशीनं ताट पुन्हा पाडलं, पण त्यात त्यांची भाजी होती.

पेटी दोन वीत लांब आणि वीतभर रुंद होती. वर जुन्या रेडिओंची आठ बटणं, एकेका सुराला एकेक. बटण फिरवावं तसा तो सूर चढायचा किंवा उतरायचा. खाली चावीच्या ग्रामोफोनची मोटार पितळेचा एक काटा गरागरा फिरवायची. काटा आठही सुरांना ओळीनं शिवून जायचा की आठ सुरांची ओळ वाजायची, आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. आणखी एक बटण होतं, त्याला मावसाजी 'तोंड' म्हणत. ते मिटलं की पेटी घोंगडीत शिरून गुणगुणायची आणि उघडलं की सरळ अंगावर यायची. आणि बाजूला भोकं. भोकांत वायर न घालताही पेटी वाजायची, घातली की भलतंच काहीतरी वाजायचं. हे कसं, असं मी विचारलं, तेव्हा ते खुशीत म्हणाले, "अबे मास्तर, अंदरून सोयरीक म्या लावून देल्ली हाय. पण कोनाले पळून जाचं असन, त वायर हाय ना!"

कोणती वायर कुठून कुठे पळवली की काय ऐकू येतं, ते सगळं एका वहीत चित्रं काढून लिहिलेलं असे. त्यात 'मोटेचं पाणी' होतं, 'बाजारचा दिवस' होता, आणि खालून वर चढत जाणारी एक लांबलचक किंकाळी होती, तिचं नाव 'ही चिडली'. मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून संसार टिकला.

मग सुमनचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. सोयरे पिंपळगाव राजा या गावचे, तालेवार. मावसाजींनी परस्पर जाहीर करून टाकलं की नवरदेव मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत येईल तो पेटीच्या तालावर, बँड सांगायचा नाही. गावात बँड एकच, चाँदभाईंचा, आणि चाँदभाई मावसाजींचे वीस वर्षांचे दोस्त. क्लॅरिओनेट वाजवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. ते दुकानाच्या पायरीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, सुमन माह्या मांडीवर खेळली. तिच्या लग्नात म्या घरी बसू काय?" मावसाजी पेटीत डोकं घालून बसले होते, ते वर आलंच नाही. चाँदभाई गेले. त्या दिवसापासून दोघांचा दुकानातला रोजचा दुपारचा चहा बंद झाला. मावशीनं मात्र बजावलं, "लेकीच्या लग्नात फजिती झाली, त थे पेटी विहिरीत टाकीन. आन् तुमचं मी आयकनार नाही."

लग्न वैशाखातलं, चारचं ऊन. बैलगाडीवर ट्रकची बॅटरी, मांडववाल्याचा कर्णा आणि मध्ये पेटी. देवळापाशी आठ सूर खणखणीत निघाले. पाहुणे आ वासून बघत राहिले आणि मावसाजींनी धोतराचा सोगा खांद्यावर टाकला. पण शंभर पावलांत पेटी तापली आणि सूर चढू लागले, तेही एकेक आपापल्या मर्जीनं. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नवरदेवाचे काका म्हणाले, "काऊन हो सोयरे, पेटीले ताप आला काय?" मावसाजींनी मग तेच केलं, जे आमच्याकडचा माणूस उन्हात कुठल्याही गोष्टीचं करतो. पोतं ओलं करून पेटीला माठासारखं गुंडाळलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पेटीनं आपण होऊन 'ही चिडली' सुरू केली. बैल जागच्या जागी थांबले. किंकाळी विझली, तेव्हा आठवा सूर मेलेला होता. सात सूर आणि एक खड्डा, सात सूर आणि एक खड्डा. मी मावशीकडे बघायची हिंमत केली नाही.

गाडी नेमकी चाँदभाईंच्या दारासमोर उभी होती. ते उंबऱ्यात क्लॅरिओनेट घेऊन बसले होते. बोलावलं नव्हतं, तरी अंगात बँडचा लाल कोट होता. त्यांनी डोळे मिटून पेटीचे दोन फेरे ऐकले, क्लॅरिओनेटच्या तोंडाची पत्ती जिभेवर ओली केली आणि तिसऱ्या फेऱ्याला बरोबर त्या खड्ड्यात आपला सूर ठेवला. मग पेटी चढेल तसे तेही चढत गेले, पेटी भरकटली तर तिच्या मागे जाऊन हात धरून परत आणल्यासारखे. बैल चालू लागले. लोकांना वाटलं, हे असंच ठरलेलं होतं. मांडवाच्या दारात मावसाजींनी सगळ्यांदेखत चाँदभाईंना मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. चाँदभाई म्हणाले, "भाऊ, पेटी चांगली हाय. फक्त अकेली हाय."

पेटी विहिरीत गेली नाही. दुपारचा चहा पुन्हा सुरू झाला आणि चहानंतर रोज दोघं वाजवायला बसू लागले. आठवा सूर मात्र मावसाजींनी कधीच दुरुस्त केला नाही. अख्ख्या गावाचे रेडिओ बोलते करणारा माणूस! मी एकदा टोकलं, तर चिडले, "अबे, बिघाड नोय थो. चाँदभाईची जागा हाय."

आता दोघंही नाहीत. सुमननं पेटी मला दिली. मला त्या दोघांची फार आठवण येते, तेव्हा मी चावी भरतो. मध्यंतरी एका तरुण मेकॅनिकला दाखवली, तर तो म्हणाला, "सर, एकच तार सुटली आहे. पाच मिनिटांत आठही सूर वाजतील."

मी पेटी उचलून छातीशी धरली. म्हटलं, "राहू द्या. तिथं माणूस बसतो."