सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह

जूनमधला सोमवार होता. मुद्देमालाच्या कपाटाची मोजदाद चालू होती, म्हणून तो दिवस पक्का लक्षात राहिला. सायबर कक्ष नवा होता. दोन संगणक, एक हवालदार आणि मी.

एका सॉफ्टवेअर कंपनीचे व्यवस्थापक तक्रार घेऊन आले. नोकरी सोडताना एका मुलीनं तीन वर्षांचं काम कंपनीनंच दिलेल्या पेन ड्राइव्हवर भरून दिलं होतं. फाइलींची संख्या बघून कंपनीनं पोच दिली आणि तिचा लॅपटॉप पुसून टाकला. आता बहुतेक फाइली उघडत नव्हत्या. "मूळ काम तिनं पळवलंय," व्यवस्थापक म्हणाले.

मुलगी कोथरूडची. आठवड्याभरात परदेशी नोकरीवर रुजू व्हायची होती. मी पासपोर्ट कार्यालयाला तिचा पासपोर्ट अडवण्याचं पत्र पाठवलं आणि तिला समोर बसवलं.

"फाइली कधी खराब केल्यास?"

"केल्याच नाहीत."

"मग आपोआप झाल्या?"

"ते शोधणं तुमचं काम आहे, मॅडम."

उर्मट आहे, म्हणजे मुरलेली आहे, असं मी धरून चालले.

संध्याकाळी हवालदार चाचरत म्हणाला, "मॅडम, नारायण पेठेतल्या एका दुकानातनं असाच ड्राइव्ह मी घेतला होता. पोरीच्या बारशाचे फोटो गेले. नावं दिसतात, फोटो नाहीत. बायको अजून टोमणे मारते."

कंपनीची खरेदीही त्याच दुकानातली निघाली. लाचेच्या सापळ्यात नोटांचे नंबर आधी पंचनाम्यात लिहून घेतात, तसंच केलं. कंपनीकडचा त्याच खरेदीतला कोरा ड्राइव्ह पंचांसमोर पाकिटातून काढला आणि क्रमांक टाकलेल्या चौदा मोठ्या फाइली त्यात भरल्या. ड्राइव्हनं सगळ्या निमूट घेतल्या. परत उघडल्या तर तीन शाबूत, अकरा पोकळ.

दुकानदार आधी म्हणाला, "लेबल आम्ही लावत नाही."

"मग हा लेबलांचा रोल कशाला? वहीवर चिकटवायला?"

मग बोलला. चाचणीत नापास झालेल्या चिप स्वस्तात यायच्या. माहिती साठवायच्या एकेका कप्प्यात दोन-दोन बिट कोंबलेले, त्यामुळे मुळातच नाजूक. आत चार जीबीची जागा. सोळा सांगायला चिपला शिकवलेलं.

"आपल्या कोठडीसारखंच की, चौघांच्या जागेत सोळा," हवालदार म्हणाला.

व्यवस्थापक कुरकुरले, "पण आमचं काम गेलं ना!"

"ड्राइव्ह कोणी आणला होता?"

"आम्हीच. स्वस्त पडला."

दुकानदारावर गुन्हा नोंदवला. मला मात्र माझीच चूक सलत होती. गुन्हा झालाय का, हे न विचारताच मी आरोपी ठरवला होता. पुढे नव्या फौजदारांना मी हे प्रकरण नेहमी सांगत आले.

गुन्हा नोंदवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्टचं पत्र मागे घेणारं पत्र लिहिलं. टपालात न टाकता पासपोर्ट कार्यालयात स्वतः घेऊन गेले आणि आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकीसमोरून हलले नाही.